रोज शंभर फोटो काढून हात बसत नाही

नव्याने कॅमेरा हातात घेतलेल्यांसाठी एक मेसेज सध्या ग्रुपमागून ग्रुप फिरतो आहे. त्यातला सल्ला थोडक्यात असा: रोज किमान शंभर फोटो काढा. पहिल्या दिवसापासून कॅमेरा फक्त मॅन्युअल मोडवर ठेवा, म्हणजे उजेडाची सगळी सेटिंग स्वतः हाताने करा. विषय नेहमी तृतीयांशाच्या रेषेवरच, म्हणजे चौकटीचे तीन सारखे भाग पाडणाऱ्या रेषेवरच ठेवा. सूर्योदय आणि सूर्यास्ताची वेळ सोडून कॅमेरा बाहेर काढू नका. आणि काढलेला फोटो त्याच दिवशी टाका, कुठे चुकलं ते लाइक्स सांगतील. तीन महिने हे केलंत की तुम्ही फोटोग्राफर झालात.

नवशिक्यांचे फोटो त्यांच्या शेजारी बसून बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. हा सल्ला मनापासून पाळणारी माणसं दुसऱ्या महिन्यात थकतात आणि 'आपल्यात ती नजरच नाही' असं म्हणून कॅमेरा कपाटात ठेवतात. ते बघून वाईट वाटतं, कारण नजर त्यांच्यात असते. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

शंभर फोटोंपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. सरावाने हात बसतो हे खरंच आहे. पण चुकीचा सरावही हातात तितकाच पक्का बसतो. एक मुलगी महिन्याभराचे जवळपास तीन हजार फोटो घेऊन आली होती. तिने ते काढले होते, पण पुन्हा उघडून बघितले नव्हते; रोजचा आकडा भरण्यातच वेळ जायचा. मी त्यातले चाळीस फोटो स्क्रीनवर छोटे करून एकत्र मांडले. ती दोन मिनिटं गप्प राहिली आणि मग स्वतःच म्हणाली, "सगळेच तिरके आहेत." भिंत असो, टेबल असो की समुद्र, प्रत्येक फोटोत आडवी रेषा उजवीकडे वर चढत होती. मी तिला कॅमेरा धरायला सांगितला. बटण दाबताना तिचं बोट खाली आपटत होतं आणि त्या झटक्याने कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली जात होती. कॅमेरा उजवीकडे झुकला की चित्रातली रेषा उलट्या बाजूला, उजवीकडे वर जाते. डावा तळवा लेन्सखाली, दोन्ही कोपरं छातीला टेकलेली, आधी बटण अर्धं दाबून फोकस, मग बोट न उचलता हळूच पूर्ण दाबायचं. एवढं सुधारायला तिला एक दुपार पुरली. तीन हजार फोटोंनी मात्र तो झटका रोज थोडा थोडा घट्ट केला होता.

गॅरी विनोग्रँड हे विसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या रस्त्यांचे मोठे छायाचित्रकार. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा मागे फिल्मचे सुमारे २,५०० रोल न धुतलेले राहिले होते. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याची मांडणी करणारे क्युरेटर जॉन झारकोव्स्की यांना विनोग्रँड यांच्या कामाबद्दल अतोनात आदर होता, तरी शेवटच्या वर्षांतले ते असंख्य फोटो त्यांना निराशाजनक वाटले. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीतही नुसत्या संख्येने काम उंचावलं नाही, मग नवशिक्याने आकड्याच्या मागे का धावावं? रोज दहा फोटो काढा, पण हातात एकच प्रश्न ठेवून काढा. आज फक्त पार्श्वभूमी, उद्या फक्त खिडकीचा उजेड. आणि आठवड्यातून एकदा ते सगळे एकत्र मांडून बघा. आपली खोड एका फोटोत दिसत नाही, चाळीस फोटोंत लपत नाही.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजमध्ये बरोबर आहे: कॅमेरा रोज हातात यायला हवा. आठवड्यातून एकदा चार तास घालवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं जास्त उपयोगी पडतात.

आता मॅन्युअल मोड. नवशिक्या मॅन्युअलवर नेमकं काय करतो ते बारकाईने बघा. व्ह्यूफाइंडरमधला (डोळा लावायच्या खिडकीतला) उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मधल्या शून्यावर येईपर्यंत तो डायल फिरवतो आणि बटण दाबतो. ऑटोमध्ये कॅमेरा हेच करत असतो, फक्त क्षणार्धात. म्हणजे मेहनत वाढली, निर्णय तोच राहिला. आणि तेवढ्या वेळात समोरचं मूल हसून पुढे निघून गेलं.

शिकायचं आहे ते मीटरचं वागणं. मीटरला समोर काय आहे हे कळत नाही. जे दिसेल ते सरासरी राखाडी करण्याकडे त्याचा कल असतो. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा शर्ट घातलेला माणूस उभा करा, फोटो मळकट येईल. काळ्या कपड्याने चौकट भरा, तोही राखाडी येईल. अॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा) राहून पहिल्या वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, एक स्टॉप वर (दुप्पट उजेडाकडे) न्या, दुसऱ्या वेळी एक स्टॉप खाली (निम्म्याकडे). काय बदललं ते डोळ्यांनी बघा. छिद्र एफ ५.६ ला ठेवून शटर सेकंदाचा २५० वा भाग उघडलं, किंवा एफ ८ ला (आकडा मोठा, छिद्र लहान) १२५ वा भाग, दोन्हींत उजेड सारखाच पडतो. मग फरक कशात पडला? पहिल्यात हालचाल जास्त गोठली, दुसऱ्यात मागचं जास्त स्पष्ट झालं. हे उमगलं की मॅन्युअल आपोआप सोपा होतो, आणि तो कधी लागतो तेही कळतं: रंगमंचावरचा मागे काळोख असलेला नट, किंवा स्टुडिओतला फ्लॅश. रोजच्या कामात अॅपर्चर प्रायॉरिटी वापरणारे कितीतरी व्यावसायिक आहेत, त्यांना कोणी कच्चं समजत नाही.

तृतीयांशाच्या नियमाबद्दल फार लिहायला नको. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये ग्रामीण दृश्यांच्या चित्रांबद्दल लिहिताना हे नाव वापरलं. त्यांच्यापुढचा प्रश्न प्रमाणाचा होता: आभाळ किती, जमीन किती, उजेड किती, सावली किती. चेहरा नेहमी अमुक छेदबिंदूवरच बसवा, असा त्याचा अर्थ नाही. समोरून सरळ बघणारा चेहरा, पाण्यातलं प्रतिबिंब, लांब बोळ, हे बहुतेक वेळा मधोमधच शोभतं. नियमापेक्षा एक सवय लावून घ्या: बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवा. डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यात अर्धा कापलेला हात, मागची चकचकीत बादली, हे सगळं तिथेच सापडतं. मग अर्धं पाऊल बाजूला सरका. बहुतेक फोटो त्या अर्ध्या पावलाने सुधारतात.

सूर्योदय-सूर्यास्ताचा उजेड सुंदर असतो, यात वाद नाही. तो तिरका येतो, ऊबदार असतो, आणि जवळजवळ कशावरही पडला तरी छान दिसतो. म्हणूनच तो शिकवतो कमी. घरातली एक खुर्ची खिडकीजवळ ठेवा आणि दिवसातून पाच वेळा तिचा फोटो काढा. दुपारी सावलीची कड कशी धारदार होते, ढग आला की ती कशी विरते, ते दिसेल. मग खुर्चीवर कुणाला तरी बसवा. खिडकी छोटी असेल तर तिच्यापासून दूर जाताना उजेड झपाट्याने उतरतो. अंतर दुप्पट झालं की तो जवळपास चौथाईवर येतो. त्यामुळे खिडकीला खेटून बसलेल्या माणसाच्या मागची खोली काळोखात बुडते आणि नुसता चेहरा उजळतो. भर दुपारी, कुठेही न जाता. कडक उन्हात बाहेर असाल तर माणसाला दाराच्या आतल्या सावलीत, तोंड बाहेर करून उभं करा.

राहिला लाइक्सचा मुद्दा. ज्यांना तुम्ही आवडता त्यांना तुमचा फोटोही आवडतो, आणि त्यात गैर काही नाही. पण आडवी रेषा तिरकी आहे हे ते सांगणार नाहीत. शिवाय त्या दिवशी तुम्हालाही ते दिसत नाही. डोंगर चढून गेल्याचा आनंद, थंडी, सोबतची माणसं, हे सगळं तुम्हाला फोटोत दिसत राहतं. दुसऱ्याला फक्त डोंगर दिसतो. विनोग्रँड हेच ओळखून रोल धुण्याआधी मुद्दाम वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबायचे. आपल्याला एक महिना पुरे. महिन्याचे बारा फोटो निवडा, लहान प्रिंट काढून रोज दिसतील अशा जागी लावा, आणि नजर ज्याच्यावरून सरकून जायला लागेल तो उतरवत जा. महिनाअखेरीस जे दोन-तीन राहतील ते एखाद्या अशा माणसाला दाखवा, जो तिथे नव्हता, आणि त्याला एवढंच विचारा: "तुझी नजर आधी कुठे गेली?"