सिक्वेन्सरवाला कीबोर्ड घेतला म्हणून लॅपटॉप विकायची घाई नको

कीबोर्डवाल्या मंडळींत एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणे सिंथमध्ये (सिंथेसायझर कीबोर्डमध्ये) सिक्वेन्सर, म्हणजे वाजवलेलं साठवून परत वाजवणारी सोय, असला की गाणी बनवायचा लॅपटॉप विकून टाका, मिडीत, म्हणजे वाद्यं एकमेकांशी बोलतात त्या डिजिटल भाषेत, तुमचं वाजवणं जसंच्या तसं साठतं, ती फाइल कुठल्याही कीबोर्डवर तशीच वाजते आणि हार्डवेअरचं टायमिंग कधीच हलत नाही. मी स्वतः हार्डवेअरवाला, स्टेजवर लॅपटॉप नेतच नाही, तरी सांगतो की यातलं निम्मं चूक आहे आणि उरलेलं अर्धवट.

"जसंच्या तसं साठतं" हे आधी घेऊ. अहो मिडीत आवाज नसतोच. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली असल्या सूचनाच जातात, आणि तो जोर पण 1 ते 127 मधला एक आकडा. आता करून बघा, उजव्या अंगठ्याने सा धरा, त्याच हाताने वर ग वाजवा आणि डाव्या हाताने बेंड व्हील (स्वर वरखाली सरकवणारं चाक) ढकलून ग चा म करा. म मस्त आला, पण सा चा कोमल रे झाला ना? कारण बेंड एका स्वराला लागत नाही, अख्ख्या चॅनलला, म्हणजे मिडीच्या त्या एका वाटेने जाणाऱ्या सगळ्या स्वरांना लागतो. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घ्यायची तर सा दुसऱ्या चॅनलवर, म्हणजे दुसऱ्या ट्रॅकवर टाकावा लागतो. प्रत्येक स्वराला वेगळा चॅनल देणारं एमपीई 2018 मध्ये मिडीच्या स्टँडर्डमध्ये आलं खरं, पण जुन्या मशिनला त्याचा पत्ताच नाही. शिवाय एका मींडेत बेंडचे ढीगभर मेसेज जातात आणि 1988 च्या कोर्ग एम1 सारख्या, काही हजार नोट्सची मेमरी असलेल्या मशिनमध्ये ते भराभर जागा खातात.

"कुठल्याही कीबोर्डवर तशीच वाजते" ह्याला मागच्या गणपतीत मी फसलोय. घरी मस्त ढोलकीचा ठेका बनवला, फाइल मित्राच्या कीबोर्डवर टाकली, आणि आरतीला ढोलकीच्या जागी काउबेल आणि ट्रँगल! लोकांना वाटलं शाळा सुटली. 1991 च्या जनरल मिडीत, म्हणजे सगळ्या कीबोर्डसाठीच्या सामाईक यादीत, 128 आवाज ठरलेत, त्यात 105 वर सतार आहे, 112 वर शहनाई आहे, ड्रम्स दहाव्या चॅनलवर, पण तबला-ढोलकी त्यात नाहीच. त्यामुळे ढोलकीचा कुठला बोल कुठल्या पट्टीवर ठेवायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

टायमिंगचं फॉरवर्डवाल्याचं थोडं बरोबर आहे. मशिनचा सिक्वेन्सर मशिनचेच आवाज वाजवतो तेव्हा मधे केबल नसते, म्हणून घट्ट वाटतो. पण पाच पिनांच्या मिडी केबलने दुसरा सिंथ जोडला की खेळ बदलतो. तिचा वेग 1983 पासून तोच, सेकंदाला 31,250 बिट. एक नोट म्हणजे 3 बाइट, प्रत्येकी 10 बिट, म्हणजे जवळपास 1 मिलिसेकंद, आणि नोटा एकामागून एकच जाणार. दहा बोटांचा कॉर्ड दाबलात तर शेवटची नोट 9 मिलिसेकंद मागे. रनिंग स्टेटस, म्हणजे तोच पहिला बाइट दर नोटेला परत न पाठवायची सोय, असेल तर तिसरा हिस्सा वाचतो. पॅडला, म्हणजे हळूहळू उमलणाऱ्या लांब आवाजाला, हे कळतही नाही, पण समेवर पॅड, बास, स्ट्रिंग्ज सगळं गेल्यावर ढोलकी शेवटी निघाली तर ठोका ढिला लागतो, आणि मग उगाच वादकाला शिव्या.

राहिला लॅपटॉप. अहो, "सिक्वेन्सर आहे" एवढ्याने काही कळत नाही. कोर्गच्या व्होल्का कीज ह्या छोट्या सिंथमध्ये सिक्वेन्सर आहे पण मिडी आउटच नाही, म्हणजे त्यावरून दुसरा सिंथ मिडीने वाजवता येणार नाही. 2017 च्या डिजिटॅक्ट ह्या ड्रम मशिनला 8 मिडी ट्रॅक आहेत, पण एका स्टेपवर (पॅटर्नच्या एका घरात) 4 च नोटा, पाचवी गेली. रोलंड एक्सपीएस-30 मध्ये 8 ट्रॅकचा पॅटर्न सिक्वेन्सर आहे, रियाझाचे लूप बनवायला झकास, पण अख्ख्या गाण्यातल्या चुका एकेक करून दुरुस्त करायला मला तरी मोठा स्क्रीनच लागतो. आणि 16 स्टेपच्या मशिनवर केहरवा चपखल बसतो, दादऱ्याला 12 स्टेप लागतात, शेवटच्या 4 बंद करता आल्या नाहीत तर बसा बोंबलत.

तेव्हा विकत घ्यायच्या आधी मॅन्युअलच्या शेवटी असतो तो मिडी इम्प्लिमेंटेशनचा तक्ता काढा आणि ट्रान्समिटेड (मशिन काय पाठवतं), रेकग्नाइज्ड (काय ओळखतं) ह्या दोन रकान्यांत कुठे गोल, म्हणजे हो, आहे, कुठे फुली, म्हणजे नाही, आहे ते बघा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.