घोरणं थांबलं म्हणजे स्लीप ॲप्निया गेला?

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार. व्हॉट्सॲपवर सध्या त्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘स्लीप ॲप्नियाच्या ऑपरेशननंतर घोरणं थांबलं की आजार संपला. नाही संपला, तर पुन्हा ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका, दुसरंही वायाच जातं.’

पहिलं वाक्य जिवावर बेतणारं आहे. माझ्या दादाची पडजीभ काढली, टाळूचा मऊ भाग शिवला आणि घर शांत झालं. चार महिन्यांनी मी त्याच्याकडे मुक्कामाला होते. तो उताणा झोपलेला. पोट वरखाली होत होतं, पण नाकाशी हात धरला तर हवाच लागेना. मोबाइलवर सेकंद मोजले: 22. मग अंगाला एक झटका, दोन-चार श्वास, की पुन्हा तेच. आणि घोरणं? अजिबात नाही. तासाला 5 पेक्षा जास्त वेळा श्वास अडणं हा आजार, 30 च्या वर गेलं की तीव्र. हे कळायला पुन्हा स्लीप स्टडीच, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणीच लागते, आणि ती करायला दादाला कुणी सांगितलंच नव्हतं. केली तेव्हा आकडा आला 34.

‘दुसरंही वायाच जातं’ म्हणणाऱ्याला वाटतं, ऑपरेशन एकच असतं. टाळूचं हे ऑपरेशन 1981 मध्ये फुजिता या सर्जनमुळे रूढ झालं. 1996 च्या एका आढाव्यात ते जेमतेम 40 टक्के रुग्णांत यशस्वी ठरलेलं दिसलं. याचं मोठं कारण म्हणजे घसा अनेकांचा टाळूच्या खालीही बंद होतो. हलकी भूल देऊन झोपेतला घसा दुर्बिणीतून पाहिला की जागा सापडते. दादाची टाळू मोकळी होती; जिभेचं मूळ मागे पडत होतं. तिथे टाळू पुन्हा कापून काय होणार? तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे, उलट व्रणाने घसा आवळूही शकतो. पण जिभेच्या मुळाशी वाढलेला भाग काढता येतो, दोन्ही जबडे पुढे आणता येतात, जिभेच्या नसेला चेतना देणारं यंत्र बसवता येतं. त्या यंत्राच्या 2014 च्या अभ्यासात 126 रुग्णांमध्ये तासाला श्वास अडण्याच्या आकड्याचा मध्यक (मधला आकडा) वर्षभरात 29 वरून 9 वर आला. अर्थात हे यंत्र प्रत्येकाला चालत नाही, तेही दुर्बीणच सांगते.

वजनाबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. 10 टक्के वजन वाढलं तर श्वास अडण्याचं प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्शाने वाढतं. दादाचं सहा किलो वाढलं होतं.

दुसऱ्या ऑपरेशनचं ठरेपर्यंत तो रोज रात्री सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या मशीनचा मास्क लावतोय. आता वहिनी आवाजावर विसंबत नाही, सकाळी उठून मशीनवरचा आकडा वहीत टिपते.