टॉवर ग्रीन झाला, पण आमची वाट बंद झाली

पर्यावरणपूरक बांधकामाचं ग्रीन सर्टिफिकेट एकेका बिल्डिंगला न देता अख्ख्या वस्तीकडे बघून द्यायला हवं असं तुमच्या लेखात म्हटलंय, अगदी मनातलं बोललात. आम्ही भांडुपला राहतो, शेजारच्या टॉवरला असं ग्रीन रेटिंग मिळालंय, सोलर आहे, सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरतात, हे सगळं चांगलंच आहे, पण त्यांनी मागचं गेट कायमचं बंद केलं आणि पाच मिनिटांच्या बस स्टॉपला आता मेन रोडने वळसा घालून पंधरा मिनिटं लागतात. माझी आई सत्तरीची आहे हो. पेव्हर ब्लॉक उखडलेत म्हणून एका हाताने कंपाउंडची भिंत धरत चालते, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी.

अमेरिकेत वस्त्यांसाठी लीड एनडी (LEED ND) म्हणून ग्रीन रेटिंग आहे, ११० पैकी ८० पॉइंट मिळाले की प्लॅटिनम, आणि त्यात जागा कुठे निवडली, बस साधारण ४०० मीटरवर आणि ट्रेन ८०० मीटरवर चालत गाठता येते का, कमी उत्पन्नवाल्यांना परवडतील अशी घरं आहेत का, हे पण मोजतात. आपल्याकडे आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) या संस्थेचं रेटिंग टाउनशिपसाठी आहे, ‘गृहा’ (GRIHA) या दुसऱ्या भारतीय रेटिंगचंही मोठ्या प्रकल्पांसाठी आहे, पण मुंबईत असं नव्याने उभारायला कोरी जमीन उरलीय कुठे, इथे सगळं रिडेव्हलपमेंटच. मग मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(९) खाली जे क्लस्टर, म्हणजे अनेक जुन्या इमारतींचे एकत्र पुनर्विकास, होतात त्यांना परवानगी देतानाच जुन्या पायवाटा नकाशावर दाखवायला लावा ना, आणि त्या सगळ्यांसाठी उघड्या राहतील हे लिहून घ्या.