झाड तोडायच्या आधी एकदा गच्चीवर या

राणीच्या बागेत पेंग्विन बघायला रांग लागते. ते बघून झाले की मंडळी बाहेर येतात, वडापाव खातात आणि भायखळा स्टेशन गाठतात. बागेतल्या जुन्या झाडांवर दिवसभर वटवाघळं उलटी लटकलेली असतात, पण मान वर करून बघतो कोण? आणि खरी मजा तर बाग बंद झाल्यावर. तिला तिकीटही नाही.

आसपासच्या एखाद्या उंच गच्चीवर सूर्यास्ताला जाऊन उभे राहा. घारी, कावळे परतत असतात, पोपट कलकलाट करत जातात. मग थोडा वेळ आभाळ रिकामं. इथेच लोक कंटाळून खाली उतरतात. जरा थांबा. आधी एखादंच वटवाघूळ निघतं आणि झाडांवर गिरकी घेतं. मग तीन-चार. मग जी धार लागते ती अंधार पडेपर्यंत तुटत नाही. गिरणगावातली रातपाळी केव्हाच बंद पडली, ही तेवढी चालू आहे.

एखादं अगदी डोक्यावरून गेलं तर नीट बघा. पंख उघडले की चारेक फूट भरतात, उघडझाप इतकी संथ की मोजावी. पातळ कातड्यातून बोटांची लांब हाडं दिसतात, कारण तो पंख म्हणजे मुळात हातच. उन्हाळ्यात एखादीच्या पोटाशी पिल्लू चिकटलेलं असतं. वर्षाला एकच पिल्लू, त्यामुळे वसाहत एकदा उठवली की ती भरून यायला वर्षं जातात. आणि ही आंधळी वगैरे नसतात हो! आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडायचं तंत्र किडे खाणाऱ्या छोट्या वटवाघळांचं, म्हणजे पाकोळ्यांचं. ही फळं खाणारी थोरली मंडळी डोळ्यांनी बघतात आणि वासावर फळ शोधतात.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या आवारातला बदाम तोडायची मागणी आहे. कारण काय, तर रात्री वटवाघळं येतात, गाड्यांवर डाग पडतात, सकाळी खाली चोथा आणि बिया. डाग पडतात हे खरंय, माझ्याही स्कूटरवर पडतात. पण त्यासाठी बाजारात कव्हर मिळतं. पन्नास वर्षांचा बदाम मिळत नाही.

ही फळ चावून रस गिळतात आणि चोथा थुंकतात. बदामाचं फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात, गर खातात, बी तिथेच टाकतात. वड, उंबर, पिंपळाच्या बारीक बिया पोटातून जातात आणि उडता उडता कुठेही पडतात. राणीच्या बागेतली गोरखचिंच रात्री फुलते, तीही अशाच पाहुण्यांच्या भरवशावर. महापालिका खड्डा खणून, पिंजरा लावून, फोटो काढून झाडं लावते. ही फुकट लावतात, फोटोशिवाय.

आपला कायदाही बरीच वर्षं वटवाघळं नको म्हणणाऱ्यांच्याच बाजूने होता म्हणा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, मारली तरी विचारणारं कोणी नव्हतं. सांधेदुखीवर तेल म्हणून किती मारली गेली असतील देव जाणे. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. आणि झाडाचं म्हणाल तर शहरातलं झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, मीटिंगमध्ये कितीही हात वर झाले तरी.

राहिला आजाराचा प्रश्न. कोरोनापासून ही भीती घराघरात आहे आणि ती अगदीच खोटी नाही. केरळात २०१८ साली निपाह विषाणूने माणसं गेली, त्याचा माग फळं खाणाऱ्या वटवाघळांपर्यंत लागला. म्हणून उष्टं फळ खाऊ नका, मुलांना हात लावू देऊ नका. पण फटाके लावून हाकललीत तर ती शेजारच्या सोसायटीत जातील आणि घाबरलेल्या वटवाघळांमधून विषाणू उलट जास्त बाहेर पडू शकतो. यात फायदा कुणाचा?

पतंगाच्या मांज्यात अडकलेलं किंवा खाली पडलेलं दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका, चावतं. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, तिथे फोन करा. ग्रुपवर फोटो टाकून ‘आता काय करायचं’ विचारायची गरज नाही.