पावसाळ्यातही जपावं लागतं

तुमच्या लेखात झेरोडर्मा पिग्मेंटोसमच्या (उन्हातले अतिनील किरण त्वचेला सोसत नाहीत असा जन्मजात आजार) मुलांना 'दुपारच्या उन्हात बाहेर काढू नका' एवढंच लिहिलंय ते अपुरं आहे हो, आमचा भाचा देवगडला, त्याला हाच आजार, आणि आम्हीही पहिली दोन वर्षं असंच समजत होतो की दुपार टाळली की झालं. तो पडवीत खेळायचा, आषाढात आभाळ भरलेलं असलं की खळ्यात सोडायचो, संध्याकाळी किनाऱ्यावर. नंतर मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की अतिनील किरण ढगातून येतात, वाळूवरून सुमारे 15 टक्के परत फिरतात, आणि साध्या काचेतून यूव्हीए हा अतिनील किरणांचा प्रकार आत येतो म्हणजे खिडकीत बसवलेलं पोरही सुरक्षित नाही. ताई तेव्हा किती रडली. आता खिडक्यांना हे किरण अडवणारी फिल्म लावलीय, ऊन मिळत नाही म्हणून ड जीवनसत्त्वाचं औषध चालू आहे, डोळ्यांना गॉगल.

आणखी एक, दीड वर्षाचा असतानाच गालांवर ठिपके आले होते, उजेडात डोळे उघडायचा नाही, तर जवळच्या एका डॉक्टरांनी 'समुद्राकाठची पोरं, रापतात' म्हणून क्रीम दिलं. दोन वर्षांच्या आत असे ठिपके दिसले तर कृपया त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. या मुलांत पेशी उन्हाने बिघडलेला डीएनए नीट दुरुस्त करू शकत नाहीत, त्यामुळे विशीच्या आत त्वचेच्या कॅन्सरचा धोका हजारो पटींनी जास्त असतो, कॅन्सरची पहिली गाठ वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीच येऊ शकते. आणि आईवडील दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण सदोष जनुक अंगात) असले तर दर खेपेला मूल आजारी असण्याची चारात एक शक्यता, नात्यात लग्न झालं की दोघंही वाहक असण्याची शक्यता वाढते, आणि आमच्याकडे मामेबहिणीशी लग्नं अजून होतात, ताईचंही तसंच, हे लेखात यायलाच हवं होतं.