पंधरा आणि पन्नासच्या मधल्या गाड्या

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांपुढच्या मोटारींच्या फेरनोंदणीचं शुल्क पाच हजारांवरून दहा हजारांवर नेलं. मोटारसायकलींचं एक हजाराचं दोन हजार झालं. त्याच्या सुमारे दीड महिना आधी, १ जुलैला, दिल्लीत मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा नियम लागू झाला आणि लोकांच्या संतापापुढे काही दिवसांतच थांबवावा लागला. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून वादळ उठलं तेही याच सुमारास. या सगळ्यावर भारतात जे वाद चालतात त्यात दोन्ही बाजू अमेरिकेचाच दाखला देतात. एक बाजू म्हणते, अमेरिकेनेही पैसे मोजून जुन्या गाड्या मोडीत काढल्या. दुसरी म्हणते, अमेरिकेत साठ वर्षांच्या गाड्या दिमाखात फिरतात, मग आमच्यावरच ही सक्ती का?

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो आणि घराच्या गॅरेजमध्ये १९७० ची प्लिमथ डस्टर ३४० पुन्हा उभी करतो आहे. त्यामुळे या वादातली अमेरिका मला रोज हाताला लागते. दोन्ही दाखले खरे आहेत, पण दोन्ही बाजू त्यातला कामाचा अर्धा भाग सोडून देतात.

जुन्या गाड्या मोडीत काढण्याची अमेरिकेची २००९ ची योजना घ्या. जुनी, पेट्रोल पिणारी गाडी आणून द्या, नवी घेताना साडेचार हजार डॉलरपर्यंत सूट मिळेल, असा तो व्यवहार होता. सुमारे पावणेसात लाख गाड्या जमा झाल्या. त्यांची इंजिनं पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ऑइल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण भरायचे आणि इंजिन अडकून बंद पडेपर्यंत चालवायचे. मात्र या योजनेत पंचवीस वर्षांहून जुनी गाडी घेतच नव्हते. म्हणजे ज्या सरकारने इंजिनं मारली, त्यानेच एक रेघ ओढून सांगितलं की या रेघेपलीकडचं आम्हाला नको, ते तुमच्याकडे राहू द्या. शिवाय गाडी आणून देण्याची सक्ती कुणावरच नव्हती.

पंचवीसचा हाच आकडा मिशिगनच्या नोंदणीतही आहे. पंचवीस वर्षांपुढची गाडी संग्रहासाठी ठेवली असेल तर तिला ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते. तीस डॉलर भरा, दहा वर्षं चालते. अट एवढीच की रोजच्या ये-जा करण्यासाठी ती वापरायची नाही. मेळावे, मिरवणुका, प्रदर्शनं यांना न्यायची. ऑगस्ट महिना मात्र मोकळा. त्या महिन्यात ती गाडी हवी तशी वापरावी, असं कायद्यातच लिहिलं आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा उत्सव भरतो. १९९५ मध्ये फर्नडेल गावातल्या मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायला तो सुरू झाला. आता मैलच्या मैल रांगा लागतात आणि लोक घडीच्या खुर्च्या टाकून रस्त्याकडेला दिवसभर बसतात. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा गर्दीच्या डोळ्यांत जे दिसतं, तेच मला इथे दिसतं. फरक हा, की इथे ते कौतुक राजघराण्याच्या गाडीपुरतं नाही. कामगाराने हप्त्यावर घेतलेल्या गाडीलाही ते मिळतं.

डस्टर तशीच गाडी आहे, एक मसल कार. मसल कार म्हणजे साध्या, स्वस्त अंगाच्या गाडीत तिच्या मानाने मोठं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. डस्टर ३४० नवी असताना अडीच हजार डॉलरच्या आसपास मिळायची आणि कंपनीच्या आकड्यांप्रमाणे २७५ अश्वशक्ती द्यायची. कारखान्यातल्या पोरांना परवडेल एवढी तिची किंमत होती, हे तिचं मोठेपण. चार वर्षांत हा खेळ संपला. विम्याचे हप्ते भडकले, १९७० च्या हवाशुद्धी कायद्यामुळे इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवावं लागलं आणि १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं.

माझ्या गाडीचा कारखान्याने दिलेला नंबर व्हीएस२९एच०बी ने सुरू होतो. त्यातला 'एच' म्हणजे ३४० घन इंचाचं इंजिन आणि 'बी' म्हणजे हॅमट्रॅमॅकचा कारखाना. ते गाव डेट्रॉइट शहराच्या पोटातच आहे. कारखाना कधीच पाडला. गाडी मात्र जिथे जन्मली त्या परिसरातच राहिली, आणि तिचं सगळं दुखणं त्यातच आहे. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खाली साडेतीनशे मीटर खोलीवर मिठाची खाण आहे, त्यामुळे मिठाला कमी नाही. ते मीठ गाडीला खालून खातं. डस्टरला वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंगच सगळा भार घेतं. पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी लांब पोलादी टॉर्शन बार आहेत आणि ते मागे ज्या क्रॉसमेंबरमध्ये, म्हणजे गाडीखालच्या आडव्या तुळईत, अडकतात तो कुजला तर वरून कितीही चकाकता रंग मारा, गाडी गेलीच. म्हणून विकत घेताना आधी आडवा पडून मी तेवढं पाहिलं. क्रॉसमेंबर शाबूत होता. फ्लोअर आणि डिकीचा तळ नव्हता.

फ्लोअरचा नवा पत्रा इथे तयार मिळतो, अगदी मूळच्या घड्या आणि भोकांसह. वायरिंगचा पूर्ण संच मिळतो, दाराचं रबर मिळतं, डॅशबोर्डचं प्लास्टिकही मिळतं. हौशी माणूस घरच्या गॅरेजमध्ये एवढं काम करू शकतो, त्याचं खरं कारण हे आहे. कौशल्य हळूहळू येतं. सुटा भागच मिळाला नाही तर कौशल्य काय करणार? कुजलेला पत्रा कापायच्या आधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप टाचून घ्यावे लागतात, नाहीतर अंग वाकतं आणि मग दार लागत नाही. वेल्डिंग सलग मारायचं नाही. एक टाका इथे, एक हातभर लांब, मग थंड होऊ द्यायचं. पातळ पत्रा तापला की पिळवटतो. १९७० पर्यंतच्या क्रायस्लर कंपनीच्या (प्लिमथ तिचीच) गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेल्या कितीतरी जणांनी जोर लावून बोल्ट मोडले आहेत. टॉर्शन बारही डावा-उजवा अदलाबदल करून चालत नाही. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला कारखान्याचा तपशीलपत्र कधी कधी सापडतो. माझ्या गाडीत त्याचा अर्धा तुकडा मिळाला आणि मूळ रंग कुठला होता हे कळलं. त्या संध्याकाळी बायकोलाही गॅरेजमधून घरात जावंसं वाटेना.

इंजिनाचं मशीनिंग घरी होत नाही. सिलिंडरला बोअर मारायचा म्हणजे तो आतून नव्याने कोरायचा, होनिंग करायचं म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायचा, हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवायच्या, कारण त्या काळच्या सीटना पेट्रोलातलं शिसं जपत असे आणि ते आता नसतं. हे काम करणाऱ्या मशीन शॉपमध्ये ब्लॉक कित्येक महिने पडून राहिला. म्हातारे कारागीर निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी नवे फारसे येत नाहीत.

प्लिमथ हे नाव महाराष्ट्राला परकं नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या करारावर डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडत असे. पुढे तिथेच फियाट आणि मग पद्मिनी आली. माझ्या काकांची १९८४ ची पद्मिनी कोल्हापुरात अजून आहे. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, हजार ऐंशीच्या घरातलं इंजिन, चालू स्थितीत. काका गेल्यावर ती चुलत भावाकडे आली. शुल्कवाढीची बातमी आली तेव्हा त्याने फोन केला. "दादा, गाडी ठेवू की काढून टाकू, तेवढं सांग."

त्याच्यापुढचा प्रश्न एकट्या पैशाचा नाही. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले आणि ते चांगले आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. पण काकांची पद्मिनी पन्नाशीला पोचेल २०३४ मध्ये. पंधराव्या वर्षी तिची मूळ नोंदणी संपली. म्हणजे मधली पस्तीस वर्षं कायद्याच्या लेखी ती फक्त जुनी गाडी आहे. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, त्यावर राज्याचा पर्यावरण कर. १९८३ पासूनच्या मारुती ८००, आकुर्डीच्या चेतक स्कूटर, येझदी, काँटेसा, बहुतेक सगळ्या याच दरीत आहेत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला वीस वर्षांची मर्यादा भरल्यामुळे थांबली. टॅक्सी थांबणं मला मान्य आहे, ती दिवसरात्र धावते. पण महिन्यातून दोनदा रंकाळ्यापर्यंत जाणाऱ्या घरच्या गाडीला त्याच नजरेने पाहिलं तर पन्नाशीचा नियम लागू करायला पुढे गाड्याच उरणार नाहीत. उरतील त्या श्रीमंतांच्या आणि संस्थानिकांच्या, कारण पस्तीस वर्षं थांबण्याची ऐपत त्यांचीच.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. पंचवीस वर्षांची एक पायरी मध्ये बांधा. शुल्क कमी, वापर मर्यादित, वर्षाला ठरावीक किलोमीटर, आणि दरवर्षी ब्रेक, दिवे, धूर यांची खरी तपासणी. पन्नाशीच्या नियमात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको अशी अट आहे. तिथे गंजलेला पत्रा बदलणं म्हणजे बदल नव्हे, दुरुस्ती आहे, हे लिहून टाका. कोकणातली एकही गाडी पत्रा न बदलता पन्नास वर्षं टिकणार नाही.

इथेनॉलबद्दल मी जपून बोलतो, कारण मी उसाच्या जिल्ह्यातला आहे. कारखान्याकडून शेतकऱ्याचं बिल वेळेवर निघण्यात इथेनॉलचा वाटा आहे आणि ते सोडावं असं मी म्हणणार नाही. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट मुळात २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं. अमेरिकेतही जवळपास सगळ्या पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल असतं. पण पंधरा टक्क्यांच्या पंपावर ठळक लेबल असतं, की हे २००१ पासूनच्या गाड्यांसाठीच आहे. बिगरइथेनॉल पेट्रोलही काही पंपांवर, विशेषतः तळ्याकाठच्या बोटींच्या धक्क्यांवर मिळतं आणि हिवाळ्यात गाडी झाकून ठेवायच्या आधी मी तेच भरतो. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. चालत्या गाडीला त्याचं फारसं काही नाही, उभ्या गाडीची टाकी आणि कार्बोरेटर मात्र त्याने खराब होतात. पद्मिनीच्या इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात रबराचा पडदा आहे, पाइप जुन्या रबराचे आहेत. भारतात बिगरइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य. पण तेल कंपन्यांना मोठ्या शहरांतल्या एकेका पंपावर जुन्या गाड्यांसाठी वेगळी टाकी ठेवण्यापासून कुणी अडवलेलं नाही. महाग विकलं तरी लोक घेतील.

आणि अमेरिकेची एक गोष्ट भारताने अजिबात उचलू नये. मिशिगनमध्ये गाडीची ना धुराची तपासणी होते, ना सुरक्षेची. खालून पूर्ण कुजलेल्या गाड्या महामार्गावर ताशी शंभर-सव्वाशेने पळताना मी बघतो आणि मला भीती वाटते. पीयूसीची कल्पना याहून कितीतरी चांगली आहे, ती प्रामाणिकपणे राबवली पाहिजे. दिल्लीची हवा मुलांच्या छातीत जाते, हे मला हौसेपायी विसरता येत नाही. याच वुडवर्ड अव्हेन्यूवर १९५६ पर्यंत ट्राम होती. ती काढून टाकली आणि आज मोटारीवाचून इथे दूधही आणता येत नाही. जुनी गाडी जपावी, पण तिच्यावर अवलंबून राहायला लागेल असं शहर बांधू नये.

भावाला मी गाडी ठेवायला सांगितलं. आधी फेरनोंदणी, मग पेट्रोल पंपाचा पडदा आणि पाइप, मग ब्रेक. रंग सगळ्यात शेवटी. इंजिनाला बोअर लागला तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, दोन दिवसांत होईल, माझ्यासारखं महिनोन् महिने थांबावं लागणार नाही. नावाजलेले यंत्रकारागीर म्हादबा मेस्त्री यांच्या गावात लेथवर उभं राहून शिकलेली माणसं अजून आहेत. अमेरिकेत कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजात जुन्या गाड्यांच्या पुनर्बांधणीची चार वर्षांची पदवी आहे आणि तिथून बाहेर पडलेल्या मुलांना काम मिळतं. कोल्हापूरच्या आयटीआयला पदवीची गरज नाही. मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला जुन्या गाड्यांचं एक वर्ष जोडलं, पत्रा, कार्बोरेटर आणि बोअरिंग शिकवलं तरी पुरे. शिकवायला उद्यमनगरातले साठी ओलांडलेले मेस्त्री आहेत, आणि त्यांना बोलवायचं तर या दोन-चार वर्षांतच बोलवावं लागेल.