हवा चार पॉइंट कमी ठेवायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

सोलापूरकर वाचक, नमस्कार.

‘रोजच्या वापराला थ्री थर्टी आय’ या माझ्या बीएमडब्ल्यूवरच्या लेखाखाली तुम्ही चार मुद्दे मांडलेत. अशी गाडी सोलापुरात रोज फिरवणं म्हणजे नुसतं मिरवणं. मायलेजचा आकडा फसवा. सर्व्हिसला पुणं गाठावं लागतं, तो खर्च मी लपवला. आणि चौथा, खड्ड्यांमुळे टायरच्या भिंतीला फुगे येतात या माझ्या तक्रारीवर, जसाच्या तसा: ‘टायरचं रडगाणं गाण्यापेक्षा हवा चार पॉइंट (पीएसआय) कमी ठेवा, फुगे येणार नाहीत. एवढंही कळत नसेल तर लिहिता कशाला?’

शेवटचं वाक्य गाळलं असतंत तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. सहा वर्षं हीच गाडी, ७१ हजार किलोमीटर, त्याआधी नऊ वर्षं जुनी डिझेल थ्री सिरीज. हे मोठेपणासाठी नाही सांगत, तुम्ही ‘कळत नसेल’ म्हणालात म्हणून सांगावं लागतंय. टोपणनावाआडून दुसऱ्याची अक्कल काढायला फार काही लागत नाही ओ.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. लिटरला १४ हा आकडा पुणे हायवेवरचा, क्रूझ कंट्रोल ९०-१०० वर लावून आलेला. गावात, सात रस्ता ते होटगी रोड, एसी चालू ठेवून ८ ते ९ मिळतो. तसं लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता हवा.

माझ्या गाडीला पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ टायर आहेत. मधला आकडा टक्क्यांत असतो, म्हणजे २२५ चे ४५ टक्के, १०१ मिलिमीटर. टायरच्या भिंतीची उंची एवढीच. मागे १०२. साध्या हॅचबॅकच्या १८५/६५ आर १५ ला तीच १२० भरते. खड्ड्याचा काठ आणि रिम यांच्यामध्ये जे काही आहे ते एवढंच रबर, आणि ते काठापासून लांब धरून ठेवते ती आतली हवा. ती कमी केलीत की टायर जास्त दबणार आणि रिमची कड काठाच्या आणखी जवळ जाणार. दोघांच्या चिमट्यात भिंत सापडली की आतले दोरे तुटतात. रबर शाबूत दिसतं, पण दोरे तुटलेल्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. तोच फुगा. म्हणजे तुमचा उपाय फुगा टाळत नाही, ओढवून घेतो. फुग्याला पॅच नसतो, वल्कनायझिंगवाला काहीही म्हणो. टायर बदलायचा, आणि तोवर हायवेला जायचं नाही.

हवा कमी केल्यावर गाडी मऊ वाटते, हे मान्य. लहानसहान खडबडीत रस्त्यावर फरक जाणवतोच, आणि म्हणूनच हा सल्ला इतका पसरला आहे. पण फुगा लहानसहान खडबडीत येत नाही, एकाच चौकोनी काठाच्या खड्ड्यात येतो.

दुसरं म्हणजे आपलं ऊन. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडतो, आणि दुमडण्यातून उष्णता तयार होते. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत सावळेश्वरचा टोल ओलांडून शंभरच्या वेगाने तासभर गेलात, की ती उष्णता जायला जागा राहत नाही. उन्हाळ्यात हवा वाढते म्हणून आधीच कमी भरायची, हा याच सल्ल्याचा चुलतभाऊ. दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पॉइंट वाढतो, ते टायर बनवणाऱ्याने हिशोबात धरलेलं असतं. त्यामुळे हवा बघायची ती सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर माणसं कमी असतानाचा आणि गाडी भरलेली असतानाचा असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात. तुळजापूरला पाच जण निघालात तर दुसरा आकडा. तापलेल्या टायरमधून हवा सोडायची नाही. आणि गेज स्वतःचा घ्या, पंपावरच्या दोन गेजचे आकडे क्वचितच जुळतात.

रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या टायरला आणखी एक भानगड. भिंत इतकी कडक असते की हवा दहाने उतरली तरी टायर बसलेला दिसत नाही. डोळ्यांवर आणि लाथेवर विश्वास ठेवायचा नाही. हवा पूर्ण गेली तरी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, पण तसं चालवल्यावर तो टायर पंक्चर काढून पुन्हा घालू नये. भिंत आतून भुगा झालेली असते. पंक्चरवाल्याला पहार लावू देऊ नका, टायर मशीनवरच उतरवायचा. व्हॉल्व्हच्या मागेच प्रेशरचा सेन्सर असतो, तिथूनच सुरुवात केली तर तो तुटतो. जॅक लावायचा तो उंबऱ्याखालच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर, मध्ये रबर ठेवून. पुढचे-मागचे टायर अदलाबदल करायचा सल्लाही कोणीतरी देईलच. मापंच वेगळी आहेत, होत नाही.

धक्के कमी करायचे असतील तर खरा मार्ग आहे: चारही टायर साधे घ्यायचे. रनफ्लॅट आणि साधे मिसळायचे नाहीत. मग डिकीत स्टेपनी किंवा सीलंट-कॉम्प्रेसरचं किट ठेवायचं. सीलंट खिळ्याच्या भोकाला चालतं, भिंत फाटली तर नाही. आणि खड्डा चुकवता आला नाही तर काठाच्या आधीच ब्रेक सोडायचा. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली गेलेलं असतं, स्प्रिंग अर्धी दबलेली असते, उरलेला सगळा दणका टायर खातो. तसा दणका बसल्यावर ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर बॅलन्सिंगच्या आधी रिमची आतली कड तपासून घ्या. वाकली असेल तर सरळ होते. चीर असेल तर वेल्डिंग नको, रिम बदला.

हे सगळं ज्याला ‘रडगाणं’ वाटतं त्याने फुग्याच्या टायरवर भीमा पूल ओलांडून दाखवावा, एवढंच म्हणेन. बरं, हे जरा जास्त झालं. राहू द्या.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलण्यासारखं नाही. पुणं अडीचशे किलोमीटर, वर्षातून एक-दोनदा जावं लागतं, त्याला ‘लपवणं’ म्हणत नाहीत. ज्याला जमत नाही त्याने घेऊ नये. मिरवण्याबद्दल: पाणी इतक्या दिवसांआड येणाऱ्या गावात दोन बादल्यांत गाडी धुणारा माणूस काय मिरवणार? (बोअरचं पाणी उन्हात वाळू दिलंत तर काचेवर पांढरे डाग बसतात, तेही लक्षात ठेवा.) आणि ‘रोज चार किलोमीटरला कशाला हवी’ हे तुम्ही जाता जाता म्हणालात, त्यात तथ्य आहे, पण तुम्हाला वाटतं ते नाही. चार किलोमीटरमध्ये ऑइल पुरतं तापत नाही, बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा विजापूर रोडने अर्धा तास सलग चालवा. बॅटरी बदललीत तर एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवणारी) बॅटरीच घ्या आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवून घ्या, नाहीतर जुनी समजून ती चार्ज होत राहते आणि लवकर जाते.

तुमच्या गाडीचा टायर साइज आणि दारावरच्या स्टिकरचे दोन आकडे लिहा, किती हवा भरायची ते नेमकं सांगतो. फक्त या वेळी सकाळी लिहा, चहा झाल्यावर.